त्यांची तीन वर्षं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या काळ्यांच्या वस्तीतलं हॉस्पिटल सोड, चांगल्या भागात बघ एखादी नोकरी." मी गप्प राहिले. तुम्हाला वाटलं फोन कट झाला. पण जे सांगायचं होतं ते घाईत सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

इथे डेट्रॉइटमध्ये किडनी बदलायच्या यादीत नाव घालायला लोक आमच्याकडे येतात. त्यातले पुष्कळ ब्लॅक. अमेरिकेत ते शंभरात तेरा-चौदा, पण किडनी निकामी झालेल्यांत जवळजवळ एक तृतीयांश. बीपी आणि शुगर आपल्या घरातही आहेच. पण विमा नाही, वेळेवर डॉक्टर नाही, आणि आजोबांच्या काळापासून त्या वस्त्यांना बँकांनी घरासाठी कर्जसुद्धा नाकारलेलं. त्याची किंमत शरीर मोजतं.

बाबा, तुमच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली किडनी किती काम करते त्याचा आकडा असतो ना, तो सूत्राने काढतात. 2009 च्या सूत्रात पेशंट ब्लॅक असेल तर आलेला आकडा 1.159 ने गुणायचा, असं होतं. का, तर म्हणे त्यांचे स्नायू जास्त. स्नायू कुणी मोजत नव्हतं. फॉर्मवरची खूण बघायची आणि गुणायचं. तुमच्याच वयाचा, 68 वर्षांचा माणूस घ्या, क्रिएटिनिन 3.3. तुमचा आकडा येईल 18, त्याचा 21. हा आकडा जितका कमी तितकी किडनी जास्त खराब, आणि यादीतला वेळ मोजायला सुरुवात होते तो 20 किंवा त्याखाली आला की. म्हणजे रक्त तेच, किडनी तितकीच खराब, पण तुम्ही रांगेत आणि तो दाराबाहेर.

2021 मध्ये हे सूत्र बदललं. जानेवारी 2023 पासून किडनी बदलणाऱ्या सगळ्या केंद्रांना जुने रिपोर्ट शोधून अशा पेशंटचा गेलेला वेळ परत जोडून द्यायला सांगितलं. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. कितीतरी संध्याकाळी मी दहा-दहा वर्षांपूर्वीचे कागद उलटत बसले. आई, तेव्हा तू विचारायचीस ना, आवाज असा का येतोय.

एका काकांचे तीन वर्षं दोन महिने निघाले. आनंदाने फोन केला. मुलीने उचलला. बाबा डिसेंबरातच गेले म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "किती दिवस होते ते?" मी कागदावर बघून सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. का लिहून घेतलं, मला अजून कळत नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आई रोज रात्री आकडा कळवायची. 94 ऐकून मी निर्धास्त झोपायचे. सावळ्या-काळ्या कातडीवर ते यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. इथल्याच मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर 2020 मध्ये ते छापलं होतं, आणि मला माहीत नव्हतं. बाबा, तुमचा रंग कोणता आहे? त्या यंत्राला आपण 'ते' आणि 'आपण' नव्हतो.

मी नोकरी सोडणार नाही. आणि यापुढे त्यांच्याबद्दल तसं बोलू नका, निदान माझ्याशी तरी.

पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन केलंत की रिपोर्टचा फोटो पाठवा, पूर्ण पानाचा, खालचा आकडा कापू नका.

तुमची,
मनू