कल्पनात्मक निबंधातील हरवलेली कल्पना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'सूर्य उगवला नाही तर', 'नदी बोलू लागली तर' असे कल्पनात्मक निबंध शालेय परीक्षांत हमखास विचारले जातात आणि त्यांची तयार उत्तरे गाइडांतून पाठ करून घेतली जातात. मराठीचा शिक्षक या नात्याने उत्तरपत्रिका तपासताना मला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण ज्या विषयावर दोन मुलांनी सारखे लिहिणे अवघड, त्याच विषयावर वर्गच्या वर्ग सारखे लिहितो. निबंधातली नदी डोंगरातून खळखळत येते, तहानलेल्यांची तहान भागवते आणि शेवटी प्रदूषणावर उपदेश करते. पुराचे पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर जोखणारे नाशिककर, रामकुंडावरचे अस्थिविसर्जन, पात्रात माजलेल्या पाणवेली यांतले काहीही तिच्या तोंडी येत नाही. रोज गोदावरीचा पूल ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांच्या निबंधातही नाही.

कल्पनाशक्ती शून्यातून काही निर्माण करत नाही. पाहिलेले, ऐकलेले, हाताळलेले ती सुटे करते आणि नव्या रीतीने जुळवते. पदरी काही साठलेलेच नसेल तर ती जुळवणार काय? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याचे कारण सांगताना कवीची शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, लोकजीवन व शास्त्रे यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास ही तिन्ही एकत्र धरली आणि ती तीन वेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असे बजावले. आम्ही मात्र मुलांकडे फक्त शक्तीची मागणी करतो आणि तीही गाइडातून भागवतो.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ती झाली कल्पना, आणि तशी ती त्या काळी आणखीही कोणाच्या मनात येऊन विरली असेल. फाळक्यांच्या हाती मात्र छायाचित्रण आणि छपाई यांचे शिक्षण होते. त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला आणि पुराणकथेला हात घालण्यापूर्वी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोपटे कसे वाढते, याची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. इतका धीर धरून एका रोपट्याकडे पाहणाऱ्या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. कल्पनेची निर्मिती होते ती अशा कामातून, आणि हे काम शिकवता येते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून शहरातील शाळांना माझी कळकळीची विनंती आहे की, नदीवर निबंध लिहायला सांगण्यापूर्वी मुलांना एकदा वही घेऊन गोदाघाटावर बसवावे, चित्रकलेचा तास गणिताला देऊ नये, आणि निबंध तपासताना मुलाने स्वतः पाहिलेल्या एखाद्या तपशिलाला, वाक्य थोडे अडखळले तरी, पाठ केलेल्या सुभाषितापेक्षा जास्त गुण द्यावेत.

आपला,
एक मराठी शिक्षक, पंचवटी, नाशिक