समुद्रावरच्या पोरांना बोलायला जागा द्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

दिवाळी झाली की भुसावळ, चाळीसगाव, अमळनेरकडची आयटीआय झालेली पोरं मुंबईची गाडी धरतात. पावसाळा सरल्यावर मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर आणि बार्जवर (कामगार राहतात त्या सपाट तळाच्या तराफ्यांवर) वेल्डर, फिटर आणि जड सामान बांधून उचलणारे रिगर लागतात, ते थेट मे महिन्यापर्यंत. बरेच जण ठेकेदाराच्या, कधी ठेकेदाराच्याही ठेकेदाराच्या हाताखाली असतात. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाला, 70 हून अधिक माणसं गेली. तीही अशीच पोटासाठी गेलेली होती.

या प्लॅटफॉर्मवर 'नियर मिस'ची कार्डं असतात. अपघात होता होता टळला, तर तो लिहून पेटीत टाकायचा. पद्धत चांगलीच आहे. पण माझे जुने विद्यार्थी सांगतात, कार्ड रोज भरायचंच असतं. मग 'हातमोजे घातले नव्हते', 'जिन्यावर पाणी सांडलं होतं' असं काहीतरी खरडून पोरं मोकळी होतात. तारा तुटलेल्या स्लिंगने (सामान उचलायच्या दोराने) पाइप उचलला, खाली दोघं उभे होते, हे मात्र पेटीत पडत नाही. का लिहिलं नाहीस, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "नाव लिखं ते काम जाई ना, सर." पुढच्या हंगामाला सुपरवायझरचा फोन येतो की नाही, यावर त्याच्या घरचा हप्ता चालतो. त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला, 167 जण मेले. दिवसपाळीने दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता आणि तोंडावर नुसतं झाकण बसवलं होतं. रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत दिसलं, की वर्क परमिटची, म्हणजे काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्यायची पद्धत तिथे आधीपासूनच ढिली होती. असा ढिलेपणा वरच्या साहेबांच्या आधी पान्हा हातात असलेल्या माणसाला दिसतो. म्हणून त्याचं ऐकणं महत्त्वाचं.

अमेरिकेत वैमानिकांच्या अशा खबरा 1976 पासून नासा गोळा करते. परवाना काढून घेणारं खातं वेगळं, खबर ऐकणारं वेगळं, आणि नावगाव काढून टाकलं जातं. समुद्रातल्या तेलउद्योगासाठीही तिथे 2013 मध्ये हाच मार्ग धरला. खबरा वाहतूक सांख्यिकी विभागाकडे जातात आणि गुप्ततेला कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्याकडे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे, समुद्रातल्या कामांच्या सुरक्षेचे 2008 चे नियमही आहेत. पण ठेकेदाराला वगळून, नाव न उघडता बोलता येईल अशी जागा आमच्या पोरांना कोणी दाखवलेली नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ती करावी. कंपनी आणि ठेकेदार दोघांपासून अलग, मराठी-हिंदीत, फोनवर बोलून खबर देता येईल अशी, कारण इंग्रजी फॉर्म पाहिला की अर्धे जण तिथेच थांबतात. कार्डांची रोजची सक्ती बंद करावी. कळवलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, हे महिन्याभरात त्याच प्लॅटफॉर्मच्या फलकावर लागावं.

खान्देशातल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा, ही विनंती.

– एक निवृत्त आयटीआय निदेशक, भुसावळ