गाणं घरीच फाटतं, बोल मात्र साउंडवाल्याला

महोदय,

लग्नसराई आली की या सदरात डीजेच्या दणदणाटावर पत्रं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण त्यांत एक गोष्ट सुटते. मांडवात वाजणारी बरीच गाणी हल्ली साउंडवाल्याच्या संग्रहातली नसतात. नवरदेवाच्या मित्रांनी आदल्या रात्री लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर बेस वाढवून ती पेन ड्राइव्हवर आणलेली असतात. जळगाव असो, शिरपूर असो की साक्री, हळदीला "भो, बेस दे!" अशी आरोळी उठते तेव्हा फाइलमध्ये तो आधीच ठासून भरलेला असतो. मग नुसतं घुमतं, अहिराणीचा एक शब्द कळत नाही, स्पीकरची कॉइल जळते. म्हणून हे पत्र घरी गाणी एडिट करणाऱ्यांसाठी.

डिजिटल फाइलला छत असतं, शून्य डेसिबलचं. बाजारात येणारं गाणं आधीच त्या छताला डोकं टेकवून उभं असतं. त्यात बेस 6 डेसिबलने वाढवला की खालच्या लहरींची उंची दुप्पट होते, छत मात्र जागचं हलत नाही. लहरीचा माथा सपाट कापला जातो. गाणं फाटलं म्हणतात ते हेच. ऑडॅसिटीसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम काम चालू असताना छताबाहेरचे आकडेही सांभाळतो, त्यामुळे तिथे आवाज उतरवून चूक दुरुस्त करता येते. एकदा 16 बिटची फाइल बाहेर काढली की कापलेला माथा परत येत नाही. म्हणून पहिलं काम बेस वाढवणं नव्हेच. आधी पूर्ण गाणं 6 डेसिबलने खाली उतरवा, म्हणजे वर जागा होते.

दुसरं काम कापण्याचं. 30 हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारी गाळणी, लावा, उतार सप्तकाला 24 डेसिबलचा ठेवा. भाड्याने मिळणाऱ्या अठरा इंची बेसच्या पेट्यांना पुढून भोक असतं. त्या भोकाच्या मापाने ठरलेल्या हद्दीखाली कोनाला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, आतल्या हवेचा आधार उरत नाही. कोन नुसता पुढे-मागे फडफडतो, आवाज येत नाही आणि कॉइल मात्र तापते. तिथली ताकद फुकट जाते, म्हणून ती काढून टाकलेली बरी. त्यानंतर 200 ते 350 हर्ट्झ या पट्ट्यात 2-3 डेसिबल कमी करा. घुमटातून आल्यासारखा आवाज इथेच असतो. एवढं केलं की काहीही न वाढवता बेस मोकळा ऐकू येतो, बऱ्याच गाण्यांना पुढे काही लागतही नाही. लागलंच तर 60 ते 90 हर्ट्झमध्ये 3 डेसिबल द्या, फार तर 4. शेवटी लिमिटर लावून माथा उणे 1 डेसिबलवर अडवा, कारण एमपी-थ्री करताना माथे थोडे वर उसळतात.

ऑडॅसिटीतल्या "बेस अँड ट्रेबल" या तयार इफेक्टचा स्लायडर ओढण्याचा मोह टाळा. तो फक्त खोल बेस उचलत नाही, दोन-अडीचशे हर्ट्झपर्यंतचं सगळं सोबत घेतो आणि त्यात पुरुषी आवाजाची खालची बाजूही येते. त्याऐवजी फिल्टर कर्व्ह हा इफेक्ट घेऊन हव्या तेवढ्याच पट्ट्याला हात लावा. 6 डेसिबल वाढवलेला बेस तेवढ्याच स्वच्छपणे वाजवायला त्या पट्ट्यात अ‍ॅम्प्लिफायरला चौपट वॉट लागतात, हेही लक्षात असू द्या. भाड्याच्या सेटमध्ये ते कुठून येणार?

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून करायचं नाही. 60 हर्ट्झ त्याला वाजवताच येत नाही, त्यामुळे माणूस ऐकू येईपर्यंत वाढवत राहतो. कानात बसणारे साधे वायरचे इअरफोनही चालतील, फक्त त्यांवर बेस वाढवणारी कुठलीही सोय बंद करा. आणि मधूनमधून न बदललेलं गाणं ऐका. कान दहा मिनिटांत सवय लावून घेतात.

जुन्या अहिराणी कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांचं दुखणं वेगळं. त्यात विजेची 50 हर्ट्झची गुणगुण शिरलेली असते आणि बेसबरोबर तीही वाढते. दोन ओळींमधल्या शांत जागेवर स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज, त्याचा आलेख) काढून पाहा, 50, 100, 150 वर सुळके दिसतील. नॉच फिल्टरने, म्हणजे एकच बारीक पट्टा कापणाऱ्या गाळणीने, ते काढता येतात, पण त्यात आधीपासून 60 हा आकडा भरलेला असतो. तो अमेरिकेच्या विजेचा. आपल्याकडे 50 करायचा. क्यू, म्हणजे कापायचा पट्टा किती अरुंद हे ठरवणारा आकडा, 1 वर असतो, तो 25-30 वर न्या. नाहीतर गुणगुणीबरोबर ढोलकची धुमही जाईल.

नवीन बेस घालायचा असेल तर गाण्याचे भाग वेगळे करावे लागतात. पूर्वी डाव्या-उजव्यापैकी एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळण्याची युक्ती चाले. त्यात गायकासोबत बेसही गायब होतो, कारण दोघेही बहुधा मधोमध बसवलेले असतात. आता डेमक्ससारखे फुकट प्रोग्राम गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं असे चार भाग करून देतात. पण ते मुख्यतः पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेले. ढोलकचा घिस्सा त्यांना उमगत नाही. थापेचा ठोका ड्रममध्ये जातो, मागे ओढली जाणारी घूं बेसमध्ये. तुम्ही बेसचा भाग पुसलात की घिस्साही अर्धा पुसला जातो आणि ढोलक पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. म्हणून ढोलकवरच्या गाण्यात बेसचा भाग पूर्ण काढू नका. 6-8 डेसिबल उतरवा आणि त्यावर नवा बेस ठेवा.

नवा बेस गाण्याच्या सुरात हवा. गायक पांढरी चारमध्ये असेल तर खालचा षड्ज साधारण 43.7 हर्ट्झचा, तो मोठ्या पेट्या वाजवतात. काळी एकचा तोच षड्ज 34.6 वर पडतो, पुष्कळ पेट्यांच्या हद्दीखाली. तिथे एक सप्तक वर येऊन 69.3 घ्या. लहान स्पीकरवरही तो जाणवावा असं वाटत असेल तर आवाज न वाढवता थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम केलेली हलकीशी फाट) द्या. त्याने त्या सुराचे दुप्पट-तिप्पट हर्ट्झचे वरचे पट तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

ठोके जुळवताना घाई नडते. हाताने वाजवलेल्या गाण्याची लय हलते. गाणं मिनिटाला 121 ठोक्यांचं आणि तुमचा बेस 120 चा असेल तर मिनिटभरात एक पूर्ण ठोका मागे पडतो. दर चार-आठ मात्रांनी तुकडा करून जागेवर बसवा. याहून फसवी चूक लहरींची. 60 हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा साधारण 17 मिलिसेकंदांचा. नवा ठोका जुन्यापेक्षा 8 मिलिसेकंद मागे राहिला की एक लहर वर जाताना दुसरी खाली जाते, आणि दोन बेस मिळून बेसच नाहीसा होतो. मग लोक आणखी वाढवतात! झूम करून दोन्ही रेषा पाहा. उलट्या असतील तर एक ट्रॅक इन्व्हर्ट करा किंवा थोडा सरकवा. 100 हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं, ठेवा.

आवाज मोजण्याबद्दलही थोडं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती 'ए' मापावर. हे माप 63 हर्ट्झचा आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरतं. 50 हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते, भिंतीला जुमानत नाही. म्हणजे फाइलमध्ये खोल बेस जितका जास्त, तितका यंत्रावरचा आकडा प्रत्यक्ष दणक्यापेक्षा सौम्य आणि शेजारच्या घरात भांडी खणखणतात. आवाज मोजताना बेस जवळपास पूर्ण धरणाऱ्या 'सी' मापावरचा आकडाही नोंदवावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

बदललेलं गाणं यूट्यूबवर चढवलंत तर मूळ कंपनीचा दावा येऊ शकतो. मांडवापुरतं करत असाल तर पेन ड्राइव्हवर मूळ आणि बदललेली अशा दोन्ही फाइल ठेवा, बदललेली वॅव्हमध्ये किंवा निदान 320 केबीपीएसच्या एमपी-थ्रीमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बदललेल्या फाइलच्या नावात "बेस +3" असं लिहा, म्हणजे साउंडवाला मिक्सरवरचं बेसचं बटण मध्यावर ठेवेल.

— एक साउंडवाला, अमळनेर