१.२ कुठं गेले

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तर परत आवाज चढेल, माझाच चढेल, म्हणून हे टाइप करतोय. एका बोटानं करतोय तेव्हा चुका पोटात घाल. आईला वाटतंय मी सोसायटीच्या मीटिंगचा मसुदा लिहितोय. लांबलं तरी सगळं वाच, मध्येच अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

आधी भाऊबीजेचं. जावयांसमोर मी 'फसवेगिरी' हा शब्द वापरायला नको होता, ते चुकलंच. ताईनं नंतर मला ओट्यापाशी गाठून चांगलं सुनावलं. तिचं बरोबर होतं आणि तू ताट अर्धं ठेवून साडेचारची पुणे गाडी पकडलीस ते काही बरोबर नव्हतं, पण जाऊ दे. तुझी बासुंदीची वाटी दोन दिवस फ्रीजमध्ये होती, आई कुणाला हात लावू देईना.

पण माझीही बाजू ऐक. पाडव्याला तू माझ्या मोबाईलवर ते क्रिप्टोचं पाकीट, म्हणजे वॉलेट, टाकून दिलंस, वर एक्सआरपी नावाची १० डिजिटल नाणी पाठवलीस, म्हणालास बाबा आता तुमचंही क्रिप्टो. दुसऱ्या दिवशी जेवताना सहज उघडून बघतो तर वापरता येण्याजोगे ८.८. दहा आले, कुणाला दिले नाहीत, काढले नाहीत, मग १.२ कुठं गेले? एकतीस वर्षं कॅशला काढलेल्या माणसाला तू हे दाखवतोस आणि वर म्हणतोस 'बाबा तो रिझर्व्ह असतो, तुम्हाला नाही कळणार'. अरे, आमच्याकडं एकदा ५० रुपये शॉर्ट आले तर रात्री पावणेदहापर्यंत सगळी बंडलं परत मोजली होती, आणि नोट निघाली कुठं, तर बोटं ओली करायच्या स्पंजच्या डबीखाली चिकटलेली. तू तेव्हा बालवाडीत होतास, आई तुला घेऊन बँकेच्या पायरीवर येऊन बसली होती. त्यामुळं १.२ हा आकडा माझ्या डोक्यातनं जाईना.

मग मी अभ्यास केला. हसू नकोस. तुझ्या खोलीत, तुझ्याच टेबलावर, दहा-बारा दिवस, जुन्या डायरीत नोट्स काढून. आता ऐक बरोबर आहे का. एक्सआरपीच्या लेजरवर, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांच्या त्या सामायिक वहीत, खातं जिवंत ठेवायला १ एक्सआरपी अडकवून ठेवावा लागतो, हा बेस रिझर्व्ह. आणि खात्याला एकेक गोष्ट चिकटवली की, म्हणजे तू त्या दुसऱ्या टोकनची ट्रस्टलाइन, म्हणजे ते दुसरं नाणं खात्यात घ्यायची परवानगी, उघडून दिलीस ना, तशी प्रत्येकाला ०.२. एक आणि पॉइंट दोन, झाले १.२. जुळली कॅश! ते कुणी खाल्लेले नाहीत, माझ्याच नावावर आहेत, फक्त पाठवता येत नाहीत. ट्रस्टलाइन काढली तर ०.२ मोकळे होतात. आणि पूर्वी हा बेस रिझर्व्ह फार होता, २०२१ पर्यंत २०, मग १०, आणि २०२४ च्या डिसेंबरात १० चा १ केला. व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारे सर्व्हर चालवणारे लोक, मतं देऊन ठरवतात म्हणे. म्हणजे तू मला हेच १० दोन वर्षं आधी दिले असतेस तर वापरायला शून्य दिसलं असतं आणि मग भाऊबीजेला काय झालं असतं कल्पना कर.

कारणही मला पटलं. खातं उघडायला काहीच लागत नसेल तर कुणीतरी बसून लाखो रिकामी खाती उघडून ठेवणार, आणि ती प्रत्येक सर्व्हरला सांभाळत बसावी लागणार. आमच्याकडं निष्क्रिय खात्यांच्या लेजरची अख्खी एक रॅक होती, वाळवी लागायची तिला. दर जूनला पुसायला शिपाई कुरकुरायचा. तेव्हा कुणी खात्यामागं काही अडकवून ठेवायला लावलं असतं तर ती रॅक एवढी वाढली नसती.

तुझा पगार वेळेवर होतोय ना? सहज विचारतोय.

परवा एक प्रयोगही केला. ताईनं नवीन वॉलेट उघडलं (तुला तिनं सांगितलं नसेल, सांगणारही नाही), तिला म्हणलं ०.५ पाठवून बघतो. फेल. नवीन पत्त्यावर पहिल्यांदा कमीत कमी १ पाठवावाच लागतो, नाहीतर तिकडं खातंच तयार होत नाही. आणि मजा म्हणजे फेल झालं तरी फी कापली, ०.००००१, म्हणजे १० ड्रॉप, एका एक्सआरपीचे दहा लाख ड्रॉप होतात. चेक रिटर्न चार्जेस! रक्कम एका पैशाच्या आतली, पण तत्त्व तेच. फक्त ही फी कुणाच्याच खिशात जात नाही, जळून जाते. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पाणी मागितलं असतं.

बाकीच्या क्रिप्टोंचंही वाचलं. स्टेलरचं असंच आहे, खात्याला १ लुमेन, म्हणजे त्यांचं नाणं, आणि पुढं एकेका ट्रस्टलाइनला अर्धा. अल्गोरँडला त्यांच्या नाण्याचा ०.१. पण पोल्काडॉटचं वाचून मी दचकलो. तिथं १ डॉटची (तिथलं नाणं) किमान शिल्लक असायची आणि खातं त्याच्या खाली गेलं की खातंच पुसायचे, उरलेसुरले पैसे सुद्धा गेले. बँक निदान दंड लावते, पत्र पाठवते. बिटकॉइनला मिनिमम बॅलन्स नाही असं तू जावयांना ठासून सांगत होतास, ते खरं, पण सुटे तिथंही चालत नाहीत. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी, आणि जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ५४६ सातोशीपेक्षा कमी पाठवायला गेलं तर बाकीचे कॉम्प्युटर ते पुढं सरकवतच नाहीत, धूळ म्हणतात त्याला. मला आजीचा चार आण्यांचा डबा आठवला. २०११ च्या जूनमध्ये चार आणे बंद झाले तेव्हा तो डबा घेऊन ती स्वतः बँकेत आली होती, माझ्याच काउंटरला, रांगेत उभी राहून, मी आत बोलावलं तर येईना. आणि इथेरियमवर मिनिमम नाही पण इथर, म्हणजे तिथलं नाणं, नसेल तर त्याच पत्त्यावरचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेली नाणी, हलत नाहीत, फी इथरमध्येच द्यावी लागते. तुझ्या मित्राचे अडकलेत ना तसे? त्याला सांग त्या पत्त्यावर थोडं इथर पाठव, सुटतील. त्यासाठी कुणाला वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, मात्र देऊ नको म्हणावं, मदत करतो म्हणून तेच मागतात.

माझे बारा शब्द तू लाइट बिलाच्या मागं लिहून दिलेस, ते आता पोथीच्या कापडात आहेत. तुझे कुठं आहेत? आणि बँकेत किती ठेवलेस? म्हणजे नुसते बँकेत, क्रिप्टो धरून नाही. बघ, परत विचारलं. विचारणार नव्हतो.

तुला आठवतं का तुझं पहिलं खातं? पाचवीत होतास. अज्ञान खातं, पासबुकावर तुझं नाव आणि खाली अ.पा.क., अज्ञान पालन कर्ता, म्हणून माझं. गल्ल्यातले १३७ रुपये भरलेस. मे महिन्यात बॅट पाहिजे म्हणून सगळे काढायला आलास, हाफ चड्डी, हातात स्लिप, हनुवटी काउंटरला टेकलेली. मी म्हणलं ३७ मिळतील, १०० ठेवावे लागतात. तू सगळ्या शाखेसमोर रडायला लागलास, 'माझेच आहेत ना पण?' पाटील बाईंनी तुला बिस्किट दिलं. मी नियमावर बोट ठेवून ३७ च दिले. बॅट नंतर आईनं आणली, मला न सांगता. यंदा भाऊबीजेला मी काय वेगळं बोललो? शब्द जरा वाईट होता एवढंच.

मला अभिमान आहे रे तुझा. जावयांसमोर नाही म्हणता आलं. मी तीस वर्षांत जे ग्राहकांना समजावू शकलो नाही ते तू दोन वाक्यांत समजावत होतास, मी ऐकायला तयार नव्हतो एवढंच.

आता मुख्य. इतका वेळ तेच टाळतोय.

मागच्या गुरुवारी तुझ्या नावाचं पाकीट आलं. तुझ्या पगाराच्या बँकेचं. कायमचा पत्ता आपलाच लावलायस तू. मी ते फोडलं. फोडायला नको होतं, हे मला कळतं, पोस्टमन गेला आणि हातात सुरी होती, कांदा चिरत होतो, सवयीनं कड कापली. आत लिहिलंय की आपलं खातं सॅलरी खात्यातून साध्या बचत खात्यात बदललं आहे, दरमहा सरासरी १०,००० शिल्लक ठेवा, न ठेवल्यास चार्जेस.

दुसऱ्या कुणाच्या बापाला यातनं काही कळलं नसतं. पण मी त्याच धंद्यातला आहे. सॅलरी खात्याला मिनिमम बॅलन्स नसतो तो पगार येतोय तोपर्यंत. साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की मग हे पत्र निघतं. आज नोव्हेंबर. म्हणजे गणपतीच्या आसपासपासून. म्हणजे गणपतीत आईला पैठणी आणलीस तेव्हा, आणि दिवाळीत मला १० एक्सआरपी दिलेस तेव्हाही. त्या रात्री झोप नाही लागली. आई म्हणाली पित्त झालंय, मी हो म्हणलं.

कदाचित नोकरी बदलली असशील आणि नवीन पगार दुसऱ्या बँकेत जात असेल. तसं असेल तर हे सगळं फाडून टाक आणि मला मूर्ख म्हण, आनंदानं ऐकून घेईन. पण तसं असतं तर तू सांगितलं असतंस. प्रमोशन मिळालं नाही ते सुद्धा सांगितलं होतंस.

नसेल, आणि तू कॉइनवर घर चालवत असशील तर दोन गोष्टी. विकशील त्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, २०२२ पासून. एक टक्का टीडीएस कापतात तो रिटर्नमध्ये दाखव. पीएफ काढून त्यात घालू नकोस, घातला असशील तर किती ते निदान लिहून ठेव. आणि तुझ्या वयात मी... नको. माझ्या वयाचं आणि तुझ्या वयाचं काय जुळतंय. लेक्चर झालं, माफ कर. तुला माझ्याहून जास्त कळतं. मला फक्त एवढं कळतं की कंपनी लोकांना काढते तेव्हा चूक कामाची असतेच असं नाही, आणि घरी न सांगता राहणाऱ्याला जेवण गोड लागत नाही. भाऊबीजेला ताट अर्धं का राहिलं हे मला त्या गुरुवारी कळलं. मी उगीच १.२ घेऊन बसलो होतो.

एक काम केलंय, रागावू नकोस. आज १९ तारीख, आजचा धरून महिन्याचे १२ दिवस उरलेत. ३० दिवसांची सरासरी १०,००० यायला रोजच्या शिल्लकेची बेरीज ३ लाख लागते. आधीचे १८ दिवस मी शून्य धरलेत, जास्त असेल तर चांगलंच. ३ लाख भागिले १२, आले २५,०००. सकाळी एनईएफटी केलेत तुझ्या खात्यात. ३० तारखेपर्यंत हात लावू नकोस, म्हणजे दंड बसणार नाही. १ तारखेला काढून घरभाडं दे. मग एकतर ते खातं बंद कर, नाहीतर तिथल्याच साध्या झिरो बॅलन्स खात्यात बदलून माग, नुसतं काउंटरवर तोंडी नको, लेखी अर्ज दे आणि पोच घे.

हे पैसे परत करू नकोस आणि त्याचे कॉइन घेऊ नकोस. घेतलेस तरी मला सांगू नकोस.

आईला काही माहीत नाही. ती शनिवारी तुला फोन करून विचारेल की पैठणीचा फॉल पिको तिथं करू का इथं, तेव्हा नेहमीसारखं बोल. मला कधीही कर, रात्री साडेअकरापर्यंत जागा असतो, आवाज चढवणार नाही. पाकीट तुझ्या कपाटात वरच्या खणात ठेवलंय, तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टखाली. फोडलेलं आहे.

बाबा