लिहून देतो, तू जिंकलास

दिल्या लेका,

सात महिने तुझा फोन उचलला नाही. शिव्या भेटल्यावर दे. तब्येत बरी, बसून बसून झालेली जखम भरली, साखर आहे तेवढीच आहे.

15 ऑगस्टला शाळेत मुरलीकांत पेटकरांवर बोलायला बोलावलं होतं. हिशोब सरळ: आपल्या पेठ गावचे पेटकर व्हीलचेअरवर, हाही व्हीलचेअरवर. स्टेजला पाच पायऱ्या. चार पोरांनी खुर्चीसकट उचललं, तेवढ्यात मागून एक हळूच म्हणाला, ‘मोरया!’ मला असं हसू फुटलं की बाईंना वाटलं, रडतोय. तू असतास तर विसर्जन करूनच आला असतास.

मग बोललो. पेटकर सैन्यातले बॉक्सर, 65 च्या लढाईत सियालकोटकडे गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात व्यायाम म्हणून पाण्यात उतरले. 1968 ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला, म्हणजे अपंगांच्या ऑलिम्पिकला, टेबल टेनिस खेळले, आणि 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल, 37.33 सेकंद, विश्वविक्रम आणि सोनं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पेठ नाक्यावरची मिसळ आठवली. 2008, अभिनव बिंद्राचं ऑलिम्पिकचं सोनं. तू म्हणालास, एकट्याच्या जिवावरचं सोनं आपल्या पेठच्या माणसानं 36 वर्षं आधीच आणलंय. आणि मी? ‘ते वेगळं रे, ते अपंगांचं.’ तू माझ्यापुढची रश्शाची वाटी ओढून घेतलीस, दोन आठवडे बोलला नाहीस. पोरांना हे सांगितलं नाही. तुला लिहून देतो, जिंकलास. पण सरकारलाही पद्मश्री द्यायला 2018 आणि अर्जुन द्यायला 2025 उजाडलं. गाढव मी एकटाच नव्हतो, एवढं मान.

आता खरं सांगतो. फिजिओवाला पोरगा चार महिने मागे लागलाय, टँकमध्ये उतरा म्हणून. दोनदा गेलो, दोनदा परत आलो. पहिल्यांदा सर्दी सांगितली. दुसऱ्यांदा त्यानं काठावर बसवून माझे पाय पाण्यात सोडले. गुडघे बुडालेले दिसत होते, पण पाणी गार की कोमट, पत्ता नाही. हात घातला तेव्हा कळलं, गार होतं. माझ्याच पायांची खबर हाताकडून! बुडायची भीती नाही रे. गेली दोन वर्षं मनात एक शिल्लक ठेवलंय: जमिनीवर काय व्हायचं ते झालं, पाण्यात मी तोच आहे. उतरलो आणि तेही खोटं निघालं तर? जो तो 37.33 सेकंद सांगतो. मला पेटकरांचा पाण्यातला पहिला दिवस हवाय.

आक्का म्हणते, अंगात आळस आहे. तिला काय सांगणार!

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल कळला, पेढे कुठे अडलेत? गुडघा दाखव कुणाला तरी.

दिवाळीत येताना पोहायची चड्डी आण. काठावर बसून सूचना करायच्या नाहीत, पाण्यात उतरायचं. आणि कृष्णेतल्या बहेच्या रामलिंगाला पोहत आधी कोण पोचलं, तो विषय काढायचा नाही. मीच पोचलो होतो.

तुझा,
संज्या