गर्डवूडच्या खाजणातून

गर्डवूड, अलास्का
22 ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही म्हणून तुझ्यावर रागावलो होतो. पण काल चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो आणि पहिली आठवण तुझीच आली. आंजर्ल्याच्या खाडीत मुळे-शिंपल्या काढताना तू ओरडायचास, "पाय उपटू नको रे, हलव!" तेच शहाणपण इथे कामी आलं.

इथला चिखल मात्र आपल्यासारखा नाही. हिमनद्या खडक घासत उतरतात, त्यांचं मैद्यासारखं पीठ होतं आणि ते या टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीत येऊन बसतं. कण टोकदार, एकमेकांत अडकणारे. पाय रुतला की भोवतीचा गाळ सिमेंटसारखा आवळतो. त्यात भरती-ओहोटीत नऊ मीटरचा फरक! सोबतच्या पोरीने मला बाहेर काढलं, बूट तिथेच राहिला. वीस वर्षं हेच काम करतोय, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

इथे रस्त्याकडेला करड्या, वाळलेल्या झाडांची रांग उभी आहे. 27 मार्च 1964, गुड फ्रायडेची संध्याकाळ. 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जमीन साडेचार मिनिटं हलत राहिली. घड्याळ लावून साडेचार मिनिटं गप्प बसून बघ, म्हणजे कळेल. इथली जमीन दीड मीटर खचली, खारं पाणी मुळांपर्यंत आलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. खारातल्या कैरीसारखी अजून टिकली आहेत.

माझं काम त्या झाडांच्या पायथ्याशी. पन्हळीसारखी पोलादी नळी खाजणात दाबायची, फिरवायची, वर ओढायची. वरचा करडा गाळ संपतो आणि एकदम, सुरीने कापल्यासारखी, काळी रेघ लागते. ती 1964 ची जमीन. तिच्यातल्या गवताच्या काड्या अजून ओळखू येतात. आणखी खाली पुन्हा करडा गाळ, पुन्हा काळी रेघ: सुमारे 900 वर्षांपूर्वीची जमीन, तीही अशीच बुडालेली. हळूहळू बुडाली की झटक्यात, ते डायटम सांगतात. डायटम म्हणजे काचेच्या कवचातलं सूक्ष्म शेवाळ. रेघेखाली गोड्या पाण्यातली जात आणि लगेच वर खाऱ्यातली, मधलं काहीच नाही, म्हणजे झटक्यात. ही रेघ नखाने चाचपताना अजूनही माझं बोलणं थांबतं.

भूकंप असे मोजता येतात, बाळ्या. झोप उडवतं ते दुसरंच. हिमनदी मागे हटली की तिने शेकडो वर्षं टेकू दिलेला डोंगराचा उतार उघडा पडतो. इथून पूर्वेला टान फ्योर्ड या खाडीत टिंडल हिमनदी 1961 ते 1991 या तीस वर्षांत 17 किलोमीटर मागे गेली. 17 ऑक्टोबर 2015 ला तिच्या तोंडाशीच कडा कोसळला आणि पाणी समोरच्या उतारावर 193 मीटर चढलं. आसपास माणूस नव्हता म्हणून निभावलं. इथून त्याहून जवळ, बॅरी आर्म या खाडीत, असाच एक भलामोठा उतार सरकतोय. तसा इशारा 2020 च्या मे महिन्यात दिला गेला. तो कोसळला तर उठणाऱ्या लाटेच्या वाटेवर व्हिटियर हे बंदर आहे.

लोक विचारतात, "पुढचा कडा कधी?" भूकंपाचं विचारलं, तर मी चिखलातल्या रेघा मोजून निदान अंतरं तरी सांगतो. या उताराखाली मोजायला रेघाच नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे हिमनदीचा बर्फच होता. तिथे कंपमापक आणि रडार लावून बघत बसायचं, एवढंच. हे मी सभेत सांगितलं तर समोरचे म्हातारे कोळी माझ्याकडे असे बघतात, की तुझे आबा वेधशाळेच्या अंदाजाकडे बघायचे तसे.

उद्या ओहोटी पहाटे पाचला. जेवण म्हणशील तर रोज तोच सामन मासा. कोकमाशिवाय तो मासा म्हणजे शिक्षा आहे. काकूंना नमस्कार सांग, आणि कोकम पाठव म्हणावं.

तुझा,
विन्या

ता. क. तू खाजणाकडच्या वाडीत विहीर खणतोयस ना? करड्या मातीत कधी काळा थर लागला तर गड्याला फावडं थांबवायला सांग आणि आधी फोटो काढ. मापाला शेजारी पट्टी ठेव. मागच्या वेळी नारळ ठेवला होतास.