कालनिर्णयातले कोरे चौकोन

पुणे,
मंगळवार, रात्री साडेअकरा

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आज तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आईचा "हां, बोल गं" ऐकला की माझं पुढचं वाक्य घशातच राहतं, म्हणून लिहितेय. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कामाला मी हो कळवलंय. दोन वर्षांसाठी. गौरी-गणपती वाईलाच करणार, विसर्जन झालं की निघणार. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा लगेच "जा" म्हणाले असते, आई मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली असती, आणि मग माझ्याच्याने होकार कळवला गेला नसता.

पैशांसाठी चालले असं समजू नका. कर्ज लवकर फिटेल हे आहेच, पण तेवढंच नाही. तेरा वर्षं तेच टेबल, तेच काम. लेक हॉस्टेलला गेली. दोन वर्षांनी मी सत्तेचाळिशीची होईन, तेव्हा असं कोण बोलावणार? आणि दादाच्या वेळी आपण सगळेच घाबरून घरात बसलो, ते मला पुन्हा करायचं नाहीये. रागावू नका. रागावलात तरी फोनवर ओरडा, गप्प बसू नका.

तुमचं काही अडणार नाही. गोळ्या दर महिन्याच्या दोन तारखेला मेडिकलवाला घरी आणून देईल, लाइटबिल माझ्या खात्यातून परस्पर जाईल. एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे. येत्या शनिवारी प्लंबर येऊन न्हाणीघरात धरायला दांडी बसवणार आहे. "कशाला, अजून काही म्हातारे झालो नाही" म्हणून त्याला परत पाठवू नका, मी पैसे दिलेत. तिकडून रोज रात्री साडेआठला फोन करीन, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग तिथे चार वाजतील. तुमचे साडेआठ बदलणार नाहीत.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मागच्या वेळी चहा ठेवला होता, कालनिर्णयाचं पान उलटायचं राहिलं होतं म्हणून उलटायला गेले. मी येते त्या दोन शनिवारांना लाल पेन्सिलीचा गोल, आत आईच्या अक्षरात "चिमी". बाकी पानावर सिलिंडर लागल्याची तारीख, दुधाचे दोन खाडे आणि बाबांच्या गोळ्या. उरलेले सगळे चौकोन कोरे. मागची पानं पाहिली, जानेवारीपर्यंत तसंच. चहा उतू गेला तो त्यामुळे, आई, माझं लक्ष नसतं म्हणून नाही.

पूर्वी त्याच पानावर जागा पुरायची नाही गं. भजनी मंडळ, हळदीकुंकू, कृष्णाबाईच्या उत्सवातली तुझी पाळी, बाबांच्या दहावीच्या जादा तासांच्या वेळा. गुडघ्यामुळे भजन सुटलं असं तू म्हणतेस. पण मंडळ दोन घरं पलीकडे बसतं, आणि खुर्चीवर बसून टाळ वाजतात. शनिवारी मी येणार म्हणून तू जात नाहीस आणि मंगळवारी माझा फोन येईल म्हणून जात नाहीस, हे मला वहिनींनी सांगितलं. माझी वाट बघणं हेच तुमचं काम होऊन बसलंय, आणि ते माझ्यामुळे झालंय. रात्री झोप लागत नाही ती या विचाराने.

बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून आकडे देते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली ७२४ तरुण मुलांचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. रक्त तपासलं, घरी जाऊन मुलाखती घेतल्या. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध चांगले होते, ते ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरूनही तेवढा अंदाज येत नव्हता. मी मागे लागते म्हणून तुम्ही पथ्य पाळता, मीठ मोजता, ते चालूच ठेवा (दिवसाला दोघांना मिळून दोन लहान चमच्यांच्या आत, त्यात लोणचं-पापड आलं). पण गेल्या वर्षभरात तुम्ही कृष्णेच्या घाटावर कितीदा गेलात? शाळेतली मंडळी अजून तिथे सकाळी जमतात. हास्यक्लबाला तुम्ही "खोटं हसणं" म्हणता. १९९५ साली मुंबईत डॉ. कटारियांनी तो सुरू केला तेव्हा पाच माणसं होती. खोटं तर खोटं, पण निदान पायात चपला घालून घराबाहेर पडावं लागतं.

सकाळी जा. उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला दिवस कळतो आणि रात्री झोप वेळेवर येते. तुम्ही रात्री नऊला टीव्हीवरची भांडणं लावता, अकरापर्यंत रक्त आटवता आणि मग दोन वाजेपर्यंत छत बघता. टीव्ही साडेनऊला बंद. हे मी विचारत नाहीये.

आई, तुझ्यासाठी एवढंच: दूध तापेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. दुखऱ्या गुडघ्यावर जमेल तेवढंच. पासष्टीनंतर तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तू रोज दोनदा दूध तापवतेस. आणि पाणी पीत जा. या वयात तहान लागत नाही म्हणून पाणी लागत नाही असं नसतं. सकाळी तांब्या भरून ठेव, दुपारपर्यंत रिकामा झाला पाहिजे.

एसटीत बाबांना आता तिकीट नाही, तुला अर्धं. पसरणीचा घाट चढून पाचगणीला जा, चहा प्या, परत या. आधार कार्ड खिशात असू द्या. मेणवलीला तर रिक्षाही पुरे. बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथली मोठी घंटा दाखवायला न्यायचात. मी दांडीवरच झोपायचे आणि तुम्ही एका हाताने मला धरून घरापर्यंत सायकल चालवायचात. आणि आई, ताप आला की तू भाकरी थापता थापता उठून यायचीस, पिठाचा हात कपाळावर ठेवायचीस. पीठ वाळून कपाळ ओढलं जायचं, पण मी ते पुसायचे नाही. आत्ता लिहितानाही कपाळाला हात गेला बघा.

एकच करा. सप्टेंबरच्या पानावर माझ्याशिवाय काहीतरी लिहा. "भजन", "घाट", "पाचगणी", काहीही. वहिनींना सांगून पानाचा फोटो पाठवा, मी निघायच्या आत.

दादाच्या खोलीचं मी बोलू नये, तरी बोलते. दिवसातून तासभर खिडकी उघडत जा. काही हलवू नका, फक्त खिडकी.

तुमची,
चिमी

ता. क. गोड्या मसाल्याची पुडी बॅगेत टाकायची म्हणून आई आत्तापासून कुटत बसेल. बसू नकोस. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मिळून करू, मी खोबरं भाजीन.